कपाटातल्या दोनशे बारा कॅसेटी: एका वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय. 'ब' वर्ग, सरकारी अनुदानावर आणि वर्गणीवर चालणारं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, बाकी घडलं तसं लिहिलं आहे. मी कार्यकारिणीत आहे आणि यातल्या बऱ्याच कॅसेटी माझ्या हाताने मशिनमध्ये गेल्या आहेत, तेव्हा खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यांत माझाही वाटा आहे.

वाचनालयाचा दृक्‌श्राव्य विभाग १९८९ साली सुरू झाला. तेव्हा गावात व्हीसीआर मोजक्या घरांत होते. सुट्टीत भाड्याने आणायचा आणि रात्रभर जागून तीन सिनेमे बघायचे, अशी पद्धत. वाचनालयाने मराठी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या व्हीएचएस कॅसेटी घ्यायला सुरुवात केली. २००० नंतर व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा सिनेमा पुस्तकापेक्षा स्वस्त झाला. आमच्या दाखल नोंदवहीत बहुतेक सगळ्या चकत्या त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतल्या आहेत. पुढे खरेदी थांबली. लोकांच्या घरचे प्लेयर बिघडले, ते कुणी दुरुस्त करून घेतले नाहीत, आणि दोन लोखंडी कपाटांना कुलूप लागलं.

याआधीच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून ठरलं.

एक म्हणजे २००७ साली तेव्हाच्या कार्यकारिणीने ४० कॅसेटी बाहेरून डीव्हीडीवर करून घेतल्या. त्यांत आमच्या नाट्यमहोत्सवाची, व्याख्यानमालेची चित्रणं होती. डीव्हीडी हातात आल्यावर मूळ कॅसेटी टाकून दिल्या. त्या वेळी तो शहाणपणाचा निर्णय वाटला होता. कॅसेट जुनी, डीव्हीडी नवी, जागा वाचली.

दुसरी गोष्ट २००९ ची. गावातल्या व्हिडिओ शूटिंगवाल्या काकांनी दुकान बंद केलं आणि आपल्याकडच्या कॅसेटी दोन खोक्यांत भरून वाचनालयाला आणून दिल्या. लग्नं, मुंजी होत्याच. पण काकांचा कॅमेरा १९९० पासून गावच्या शिमग्यात, नमनात (म्हणजे खेळे, कोकणातलं लोकनाट्य), जाखडी नाचाच्या सामन्यांत फिरत होता. ती खोकी कपाटाच्या खालच्या खणात गेली. नोंदवहीत ओळ आहे: 'विविध कॅसेटी, दोन खोकी, भेट.' बस, तेवढीच.

अडचण

सप्टेंबर २०२२ मध्ये स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका वाढवायची ठरली आणि ती दोन कपाटं हवी झाली. कार्यवाहांनी सरळ विचारलं, "हे बघतं कोण आता? मोबाइलवर सगळं आहे."

हा प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर देण्यासाठी आम्ही पहिल्यांदा मोजदाद केली. व्हीएचएस कॅसेटी २१२. त्यांतल्या ९६ विकत घेतलेल्या नाटक-चित्रपटांच्या, ३८ टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या, ६१ काकांच्या आणि वाचनालयाच्या स्थानिक चित्रणांच्या, आणि १७ कोऱ्या लेबलाच्या. विकतच्या व्हीसीडी-डीव्हीडी ४३०, आणि २००७ च्या त्या ४० डीव्हीडी.

कपाट उघडल्यावर कुबट वास आला. कोकणात चार महिने भिंतींना ओल असते, आणि त्या खोलीचं छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं. व्हीएचएसची फीत म्हणजे प्लास्टिकच्या अर्धा इंच रुंद पट्टीवर चुंबकीय कणांचा थर. तो थर धरून ठेवणारा पदार्थ दमट हवेत पाणी शोषतो आणि हळूहळू सुटायला लागतो. त्याच्या आधी बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून बॅटरीचा उजेड टाकला की गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, तीच ती. पहिल्या नजरेत २३ कॅसेटींत ती दिसली.

चकत्यांची दुखणी वेगळी होती. व्हीसीडी म्हणजे शेवटी सीडीच. तिचा चकाकता धातूचा थर वरच्या बाजूला, छापील चित्राच्या लगेच खाली असतो. खालच्या प्लास्टिकवर चरा पडला तर तो घासून काढता येतो. वरून खरवडली तर माहितीच जाते. आणि आमच्या वाचनालयाने वर्षानुवर्षं दाखल क्रमांकाच्या गोंदाच्या चिठ्ठ्या नेमक्या तिथे, वरच्या बाजूला चिकटवल्या होत्या. एक चिठ्ठी मी नखाने उचकटली तर तिच्यासोबत चांदीसारखा पापुद्रा निघाला आणि त्या जागी चकतीतून आरपार उजेड दिसला. दुसऱ्या चिठ्ठीला हात लावला नाही.

२००७ च्या डीव्हीडी कोऱ्या चकतीवर लिहून घेतलेल्या होत्या. अशा चकतीत कारखान्यातल्यासारखे दाबून केलेले खड्डे नसतात, तर लेसरने जाळलेला रंगाचा थर असतो. तो रंग उष्णतेने, उजेडाने, नुसत्या वयानेही फिका पडतो. चाळीसपैकी २७ पूर्ण वाचल्या गेल्या, ८ अर्धवट, ५ अजिबात नाहीत. अर्धवट असलेल्यांचा बहुतेक शेवट गेला होता, कारण लेखन आतून बाहेर जातं आणि बाहेरची कड आधी खराब होते. त्या पाचांपैकी एक आमच्या सुवर्णमहोत्सवी नाट्यमहोत्सवाची. मूळ कॅसेट आपणच टाकलेली. ग्रंथपाल बाई तेव्हाही कामावर होत्या. रिकामी डबी हातात धरून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय भंगाराचा. कार्यकारिणीतल्या दोघांचं मत तसं होतं आणि ते वाईट बुद्धीने नव्हतं. वाचनालयाला जागा हवीच होती.

दुसरा, सगळं एखाद्या मोठ्या संस्थेला देऊन टाकायचं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून काम करतं, पण त्याचा मुख्य विषय चित्रपट. आमच्याकडच्या चित्रपटांच्या कॅसेटी म्हणजे बाजारात विकलेल्या हजारो प्रतींतली एक-एक. आणि नमनाच्या कॅसेटी गावाबाहेर गेल्या, तर त्यांत कोण नाचतंय हे ओळखणारं कुणी उरणार नाही, ही भीती मला जास्त होती.

तिसरा, बाहेरून करून घ्यायचं. शहरातल्या एका दुकानाने कॅसेटमागे ४०० रुपये सांगितले, म्हणजे २१२ कॅसेटींचे ८४,८०० रुपये. मिळणार काय, तर दाबून लहान केलेली एमपीफोर फाइल. बुरशीची कॅसेट ते घेणार नव्हते. म्हणजे जी वाचवायची तीच परत येणार.

चौथा, स्वतः करायचं. त्याला माणूस, मशिन आणि वेळ लागणार होता.

पाचवा पर्याय तरुण सभासदांनी मांडला: सगळं यूट्यूबवर चढवा, जग बघेल आणि जतनही होईल. या वाक्यातले दोन भाग वेगळे आहेत, हे आम्हाला बरंच उशिरा कळलं. दाखवण्याची प्रत आणि जपण्याची प्रत एकच असून चालत नाही.

वेळेचा मुद्दा मात्र सगळ्यांना पटला. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं की २०२५ पर्यंत चुंबकीय फितींवरून उतरवून घेतलं नाही तर बरंचसं कायमचं जाईल, कारण फीत टिकली तरी चालवायला मशिन आणि मशिन जाणणारा माणूस उरणार नाही. आमच्या गावात असा एक माणूस होता. निवृत्त टीव्ही मेकॅनिक, वय ७१. त्यांना विचारलं तर म्हणाले, "या दिवाळीनंतर करूया. डोळ्यांचं ऑपरेशन होण्याआधी."

चौथा पर्याय मंजूर झाला. खर्चाची मर्यादा ५०,००० रुपये, मुदत दीड वर्ष, आणि तोवर कपाटं मागच्या खोलीत.

पहिला निर्णय: आधी काय घ्यायचं

इथे आम्ही चुकलो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये काम सुरू झालं तेव्हा व्हीसीआर नव्हता, पण डीव्हीडी ड्राइव्ह होता. चकती घातली की पंधरा-वीस मिनिटांत अख्खी प्रत संगणकावर यायची. काम झरझर दिसत होतं. शिवाय त्या चकत्यांत नावाजलेली नाटकं होती, लाडके नट होते. बैठकीत यादी वाचली की सगळे खूश व्हायचे. 'विविध' लिहिलेल्या खोक्यांबद्दल सांगायला आमच्याकडे काही नव्हतंच. पाच महिन्यांत आम्ही १८० चकत्या उतरवल्या.

त्या पाच महिन्यांत कोकणातला सगळा कोरडा हंगाम गेला.

कॅसेटींचं काम हिवाळ्यात करायला हवं होतं. हवा कोरडी, बुरशी निपचित, लाइट जायचं प्रमाण कमी. आम्ही खोकी उघडली मे २०२३ मध्ये आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये परत पाहिलं तेव्हा पहिल्या नजरेतल्या २३ च्या ३४ झाल्या होत्या. दोन कॅसेटींत फितीचे वेढे एकमेकांना चिकटून लाकडासारखा गोळा झाला होता. त्यांतल्या एकीवर काकांच्या अक्षरात 'खेळे १९९१' असं होतं. ती आमच्या हातून गेली, आणि ज्यासाठी गेली त्या चकत्या तर बाजारात, लोकांच्या घरात, कुठे ना कुठे आहेतच.

कायद्याचं वाचन

चकत्या उतरवण्याचं काम थांबलं त्याला आणखी एक कारण झालं. एप्रिल २०२३ मध्ये आमच्या एका सभासद वकिलांनी कॉपीराइट कायदा (१९५७) घेऊन आम्हाला बसवलं. हे वाचन आम्ही आधी करायला हवं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्यांच्याकडे असा संग्रह आहे त्यांनी आपल्या वकिलांकडून खात्री करून घ्यावी.

२०१२ च्या दुरुस्तीने या कायद्यात वाचनालयांच्या कामाच्या दोन गोष्टी आल्या. कलम ५२ मध्ये अशी मुभा आहे की, नफ्यासाठी न चालणारं सार्वजनिक ग्रंथालय एखादी कृती जतनासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवू शकतं, मात्र त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून हवी. व्हीएचएस कॅसेट त्यात बसते. व्हीसीडी आणि डीव्हीडी मुळातच डिजिटल, त्या या शब्दांत बसत नाहीत. आम्ही नेमकं उलट करत बसलो होतो: ज्याला मुभा आहे ते पडून, आणि ज्याला नाही ते धडाक्यात.

दुसरी गोष्ट उमेद देणारी होती. चित्रपटाची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याचा असतो. पण या 'व्यावसायिक भाड्या'च्या व्याख्येतून ना-नफा ग्रंथालयाने कायदेशीर विकत घेतलेली प्रत ना-नफा तत्त्वावर वाचकाला देणं वगळलेलं आहे. म्हणजे मूळ चकती घरी द्यायला आम्हाला अडचण नव्हती. हॉलमध्ये शनिवारी पडद्यावर लावू, ही एकाची कल्पना मात्र बाजूला ठेवली, कारण विकतच्या चकत्या घरगुती वापरासाठी असतात आणि जाहीर खेळाला परवानगी लागते.

१८० फाइलींचं काय, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी त्या काढून टाकल्या. पाच महिन्यांची मेहनत होती, जड गेलं. पण वाचनालयाने आपल्याच कपाटात शंकास्पद प्रती ठेवाव्यात हे ग्रंथपाल बाईंना मान्य नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. चकत्यांसाठी वेगळा मार्ग ठरला. गोंदाच्या चिठ्ठ्या तशाच राहू द्यायच्या, चकती उभी ठेवायची, आणि जी खराब होईल तिची दुसरी प्रत रद्दीवाल्यांकडून शोधायची. तिथे दहा-वीस रुपयांना आजही मिळतात.

कॅसेटींचं काम

नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या चार महिन्यांत खरं काम झालं.

एक व्हीसीआर एका सभासदाच्या माळ्यावर मिळाला, दुसरा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ६,००० रुपयांना आणला. मेकॅनिक काकांनी दोन्हींचे रबरी पट्टे बदलले. कॅसेट हातात घेतल्यावर पहिली गोष्ट, मागच्या कडेची प्लास्टिकची चीप तोडायची, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. मग लेबलाचा फोटो, अक्षर जसंच्या तसं नोंदवहीत. मग फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे, कारण पंधरा-वीस वर्षं एका ताणात पडलेली फीत एकदम चालवली की चित्र थरथरतं.

बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या खोलीत. हा नियम मेकॅनिक काकांनी घालून दिला आणि तो मोडू दिला नाही. एक बुरशीची कॅसेट मशिनमध्ये गेली की तिची धूळ हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या दहा निरोगी कॅसेटींना लागते. त्या आधी आठवडाभर सिलिका जेलच्या पाकिटांसोबत बंद डब्यात वाळवल्या. मास्क लावून, कवच उघडून, फीत हाताने फिरवत कोरड्या मऊ कापडातून पुसली. कवच तुटलेलं असेल तर फितीची दोन्ही चाकं दुसऱ्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवली. त्या कॅसेटींसाठी माळ्यावरचं मशिन राखून ठेवलं आणि प्रत्येकीनंतर हेड साफ. हेडचा पिंप मिनिटाला १,५०० फेरे घेतो. त्याला चामड्याचा तुकडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिंप हाताने फिरवायचा, तुकडा वर-खाली कधीच घासायचा नाही. कापसाचा एक धागा अडकला तरी हेड तुटतं.

व्हीसीआरमधलं चित्र संगणकात घ्यायला आधी स्वस्तातली यूएसबी पट्टी वापरली; तिने घेतलेल्या पहिल्या सहा कॅसेटींत आवाज चित्राच्या मागे पडत गेला. तासाच्या शेवटी मृदंगावर थाप पडते आणि बोल अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. त्या सहाही पुन्हा घ्याव्या लागल्या. मग त्याच कामासाठी बरं कॅप्चर कार्ड घेतलं आणि मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. काही रेकॉर्डर डळमळता सिग्नल सावरून पुढे पाठवतात, आमचा त्यांतला निघाला. लाइट गेली की चाललेली फाइल फुकट जाते, म्हणून यूपीएस.

काकांनी, म्हणजे शूटिंगवाल्यांनी, फीत वाचवण्यासाठी बऱ्याच कॅसेटी निम्म्या वेगाने, एलपी पद्धतीने भरल्या होत्या. तीन तासांच्या कॅसेटवर सहा तास. एका मशिनला एलपी वाचताच येत नव्हतं, आणि सुरुवातीला आम्ही अशा तीन कॅसेटी 'खराब' म्हणून बाजूला टाकल्या होत्या. दुसऱ्या मशिनमध्ये घातल्यावर त्यांतून अख्खा शिमगा निघाला.

प्रत्येक चित्रणाच्या दोन फाइली केल्या. एक जपण्याची, एफएफव्हीवन पद्धतीची, जीत चित्रातलं काहीही टाकलं जात नाही. तासाला साधारण ३० जीबी. दुसरी बघण्याची, लहान एमपीफोर. जपण्याच्या फाइली ४ टीबीच्या तीन हार्ड डिस्कवर. एक वाचनालयात, एक ग्रंथपाल बाईंच्या घरी, एक पुण्यात एका सभासदाच्या मुलीकडे. तिसरी जिल्ह्याबाहेर ठेवायची यावर चर्चा झालीच नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूणचं काय केलं हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

कोणाला द्यायचं, कोणाला दाखवायचं

लग्नामुंजींच्या १९ कॅसेटी वाचनालयाच्या नव्हत्याच, असं आम्ही ठरवलं. काकांनी दिल्या असल्या तरी त्या त्या घरांच्या. उतरवण्यापुरत्या चालवल्या, फाइल आणि कॅसेट दोन्ही त्या घरी दिल्या, आपल्याकडे प्रत ठेवली नाही. एका घरी सून म्हणाली, "सासूबाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकला." एका घरी मात्र त्यांनी कॅसेट घेतली आणि फाइल पुसून टाका म्हणून सांगितलं. कारण विचारलं नाही, तिथेच पुसली.

नमन, जाखडी आणि नाटकांचा प्रश्न अवघड होता. कायद्याने रंगमंचावरच्या कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. नाटककाराचा हक्क वेगळा. आणि हक्काच्या आधी साधी रीत आहे: ज्यांचे खेळे, त्यांना विचारायचं. तरुण मंडळींना यूट्यूबची घाई होती. त्यांचं म्हणणं, चाकरमानी मुंबईत बसून बघतील. आम्ही मधला मार्ग धरला. ज्या वाडीचं चित्रण, त्या वाडीत आधी दाखवायचं, मग मंडळाने ठरवायचं.

२०२४ च्या शिमग्यात पहिलं चित्रण एका वाडीच्या सहाणेसमोर (शिमग्यात पालखी बसते ती जागा) पडद्यावर लावलं. १९९३ चं नमन. गण झाला, गौळण सुरू झाली, आणि गौळणीच्या सोंगातल्या पोराला बघून मागून एक बाई उठल्या. "माजा बापूस हाय ह्यो." त्यानंतर तासभर चित्रण थांबवत-थांबवत चाललं, कारण लोक नावं सांगत होते आणि ग्रंथपाल बाई वही घेऊन पुढे बसल्या होत्या. संकासुराच्या मुखवट्यामागे कोण, यावर दोन घरांत वाद झाला. शेवटी चालण्यावरून ठरलं. एका रात्रीत ३१ माणसांची नावं मिळाली. तीस वर्षं त्या कॅसेटवर 'नमन' एवढंच लिहिलेलं होतं.

त्या वाडीने यूट्यूबला नकार दिला, पेनड्राइव्हवर मात्र प्रत मागितली. गणपतीत चाकरमानी आले आणि बारा पेनड्राइव्ह मुंबईला गेले. दुसऱ्या एका मंडळाने होकार दिला. पण त्यांच्या १९९६ च्या नाटकात दोन प्रवेशांच्या मधे सिनेमाची गाणी वाजवलेली होती, म्हणून तेही जाहीर चढवलं नाही.

निष्पत्ती

१७ कोऱ्या लेबलांच्या कॅसेटींतून ५ स्थानिक निघाल्या. लग्नामुंजी वगळता गावची चित्रणं एकूण ४७ झाली. त्यांतली ३६ पूर्ण वाचली, ७ अर्धवट, ४ गेली. साधारण ९० तासांचं चित्रण हाती आलं. खर्च ४४,५०० रुपये, त्यातले २८,५०० फक्त हार्ड डिस्कचे.

विकतच्या आणि टीव्हीवरून घेतलेल्या कॅसेटींपैकी फक्त ११ उतरवल्या, ज्या इतर कुठल्याही रूपात आम्हाला सापडल्या नाहीत. उरलेल्यांतल्या बुरशी नसलेल्या ठेवल्या, बाकी टाकल्या. उतरवलेल्या एकाही कॅसेटला यावेळी कचऱ्याची वाट दाखवली नाही.

चकत्यांचा विभाग पुन्हा सुरू आहे. दोन डीव्हीडी प्लेयर आणि एक यूएसबी ड्राइव्ह घेतलं. चकतीसोबत प्लेयरही घरी जातो, ५०० रुपये अनामत, परत केल्यावर परत. पहिल्या वर्षात ७४ वेळा गेला. नेणाऱ्यांत बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, ज्यांना हवं ते नाटक मोबाइलवर सापडलं नाही किंवा काल होतं ते आज दिसेनासं झालं. स्ट्रीमिंगवर करार संपला की चित्रपट उतरतो. कपाटातली चकती कुणाच्या करारावर अवलंबून नाही.

अभ्यासिकेला जागा मिळाली. कपाटं आता पहिल्या मजल्यावर, भिंतीपासून हातभर पुढे.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा लावू. पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा: याची दुसरी प्रत जगात कुठे असण्याची शक्यता आहे? ज्याचं उत्तर 'नाही' येईल ते आधी, त्यातही बुरशीचं सर्वांत आधी. आमच्याकडे हे उत्तर लेबलांवरूनच कळत होतं. आम्ही सोपं आणि आवडीचं काम पुढे घेतलं.

वकिलांना सुरुवातीलाच बोलावू. कोऱ्या लेबलांकडे दुर्लक्ष करणार नाही. एका मशिनने वाचलं नाही म्हणून कॅसेटवर फुली मारणार नाही. आणि चित्रण करणाऱ्या काकांना २००९ मध्येच, ती खोकी घेतानाच, समोर बसवून प्रत्येक कॅसेटबद्दल विचारायला हवं होतं. २०१९ मध्ये ते वारले. त्यांच्या वहीत तारखा आहेत, पण कुणी बोलावलं होतं, कुठे उभं राहून घेतलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

एका गोष्टीबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. त्या १८० फाइली पुसणं बरोबर होतं का? मला वाटतं, हो. मेकॅनिक काका म्हणतात, व्हीसीडीही कायम टिकणार नाहीत, आणि ज्या दिवशी शेवटची वाचेनाशी होईल त्या दिवशी तुम्ही कायद्याचं पुस्तक वाचत बसाल. त्यांना द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. कायद्यातले 'डिजिटल नसलेली' हे शब्द बदलावेत म्हणून एक निवेदन ग्रंथालय संघाच्या बैठकीत मांडायचं ठरलं आहे, मसुदा मी करतो आहे.

हार्ड डिस्क दर सहा महिन्यांनी लावून सगळ्या फाइली तपासल्या जातात. ग्रंथपाल बाईंनी त्यासाठी गुढीपाडवा आणि दसरा हे दोन दिवस धरले आहेत. वाचता न आलेल्या चार कॅसेटी टाकलेल्या नाहीत. त्या वाळवून, कागदात गुंडाळून बंद डब्यात आहेत.

लग्नांच्या १९ कॅसेटींपैकी १६ घरी पोचल्या. तिघांचा पत्ता लागलेला नाही. एकीवर नुसती तारीख आहे, २३ मे १९९५, आणि चित्रणात मंडपामागे एक विहीर आणि दोन माड दिसतात. यंदाच्या शिमग्यातही बाहेरच्या फळ्यावर ती तारीख लिहिली होती.